एका बरणीत एकच गोगलगाय: रॅम्सहॉर्नचे रंग आणि ठिपके ठरवून कसे घडवायचे

रॅम्सहॉर्न, म्हणजे मेंढ्याच्या शिंगासारख्या चपट्या गुंडाळलेल्या शंखाच्या, गोड्या पाण्यातल्या गोगलगायी पाळणारे पुष्कळ आहेत, ठरवून त्यांचा रंग घडवणारे थोडे. निळ्या चार आणि तांबड्या चार आणून एकाच टँकमध्ये सोडल्या की सहा महिन्यांत टँकभर मातकट तपकिरी पिल्लं दिसायला लागतात. मग 'दुकानदाराने भेसळ दिली' किंवा 'आपलं पाणीच खराब' अशी समजूत करून घेऊन बहुतेक जण नाद सोडतात. खरं तर निळी आणि तांबडी एकत्र आल्या की पहिली पिढी तपकिरीच व्हायला हवी, आणि पुढचा सगळा खेळ त्याच तपकिरी पिल्लांत दडलेला असतो. तो उलगडायला महागडं काही लागत नाही. बरण्या लागतात, भिंग लागतं, वही लागते आणि एका बरणीत एकच गोगलगाय ठेवण्याची शिस्त लागते. ही शिस्त पाळणाऱ्याला वर्षभरात चार पिढ्या पाहता येतात.

रंग नेमका असतो कुठे

रॅम्सहॉर्नचा शंख बऱ्यापैकी पारदर्शक असतो. त्यामुळे आपल्याला दिसतो तो रंग दोन थरांचा मिळून असतो. एक थर शंखाचा: त्यात तपकिरी-पिवळसर रंगद्रव्य असतं किंवा नसतं. दुसरा थर आतल्या अंगाचा: त्यात काळं रंगद्रव्य असतं किंवा नसतं. अंगात काळं नसेल तर आतलं रक्त दिसतं, आणि या कुळातल्या गोगलगायींच्या रक्तात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असल्यामुळे ते लाल असतं. इतर बहुतेक गोगलगायींच्या रक्तात तांबं असलेलं हिमोसायनिन असतं, म्हणून त्यांच्यात असा लालभडक रंग सापडत नाही.

आता चारही रंगांचा हिशेब लागतो. काळं अंग आणि तपकिरी शंख म्हणजे तपकिरी. काळं अंग आणि बिनरंगी शंख म्हणजे निळी. बिनकाळं अंग आणि तपकिरी शंख म्हणजे लाल किंवा तांबूस-केशरी. दोन्ही रंगद्रव्यं नसतील तर गुलाबी.

पैदास करणारे हौशी लोक या दोन थरांसाठी दोन वेगळी जनुकं धरतात: काळं अंग प्रभावी, तपकिरी शंख प्रभावी, आणि बिनरंगीपणा दोन्हीकडे अप्रभावी. प्रभावी गुण आई-बापांपैकी एकाकडून आला तरी दिसतो, अप्रभावी गुण दोघांकडून आला तरच दिसतो, नाहीतर लपून राहतो. याच कुळातल्या बायोम्फलेरिया नावाच्या गोगलगायीत बिनरंगी अंग अप्रभावी असल्याचं प्रयोगशाळांना अनेक दशकांपासून माहीत आहे, आणि तिथे पिल्लांचा 'बाप' ओळखायला तीच खूण वापरतात. आपणही तेच करणार आहोत.

पाणी आणि भांडी

शंख चुन्याचा असतो, म्हणून पाण्यात कॅल्शियम हवं. महाराष्ट्रात धरणाचं नळाचं पाणी बहुतेक ठिकाणी मऊ असतं आणि बोअरचं जड. मऊ पाण्यात शंखाच्या मधोमध पांढरे चट्टे पडतात, कडा ठिसूळ होतात, आणि निळ्या गोगलगायीचा निळेपणा खडूसारखा फिका पडतो. त्यावर स्वस्त उपाय म्हणजे समुद्रफेस, म्हणजे कटलफिशचं चुन्याचं हाड. पक्ष्यांचं खाद्य विकणाऱ्यांकडे किंवा काष्ठौषधीच्या दुकानात तो मिळतो. लिटरभराच्या बरणीला बोटाच्या पेराएवढा तुकडा पुरतो. शिंपल्यांचा चुराही चालतो. पीएच ७.२ ते ८ आणि तापमान २२ ते २७ अंशांच्या दरम्यान राहिलं की काळजी नाही. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पाणी ३० च्या वर जातं. गोगलगायी तेही सोसतात, पण भराभर वाढून लवकर संपतात आणि पाणी नासायलाही वेळ लागत नाही. टबाभोवती ओलं फडकं गुंडाळून पंख्याखाली ठेवलं तर दोन-तीन अंशांचा फरक पडतो.

नळाचं पाणी क्लोरिन जाण्यासाठी उघड्या बादलीत दिवसभर ठेवा किंवा डिक्लोरिनेटर वापरा. तांब्याच्या हंड्या-कळशीतलं पाणी मात्र कधीही घालू नका. तांबं गोगलगायींना विष आहे. माशांच्या बऱ्याच औषधांत मोरचूद असतो, तेव्हा औषध दिलेल्या टँकचं पाणी, जाळी, पाइप यांपैकी काहीच या बरण्यांपर्यंत येऊ देऊ नये. डास-झुरळांचे फवारे आणि कुत्र्याच्या गोचिडांचं औषध लावलेले हात यांचाही तितकाच धोका.

मोठ्या संख्येने पिल्लं वाढवायला दहा-पंधरा लिटरचे टब आणि हवेवर चालणारा स्पंज फिल्टर घ्या. एकेकट्या गोगलगायींसाठी लिटरभराच्या पारदर्शक बरण्या लागतात. लोणच्याच्या असतील तर तेला-मिठाचा अंश राहणार नाही इतक्या धुवा. प्रत्येक बरणीत जावा मॉस या पाणवनस्पतीचा पुंजका टाका आणि आठवड्यातून दोनदा अर्धं पाणी बदला. खायला उकळत्या पाण्यातून काढलेला पालक, काकडी, दोडका, शेवग्याचा पाला आणि चिमूटभर माशांचं खाद्य पुरे. उरलेलं दुसऱ्या दिवशी काढून टाका. देशी बदामाची वाळकी पानं त्यांना फार आवडतात, पण त्या तपकिरी पाण्यात निळा रंग नीट जोखता येत नाही. ती पानं सांभाळायच्या टबात ठेवा, निवडीच्या बरणीत नकोत.

सुरुवात अंड्यांपासून करा

दुकानातून आणलेली मोठी गोगलगाय पैदाशीला थेट वापरू नये. रॅम्सहॉर्न उभयलिंगी असतात, म्हणजे प्रत्येक गोगलगाय आईही होते आणि बापही. एकदा संग झाला की दुसऱ्याचं बीज ती अंगात साठवून ठेवते आणि आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्‌महिने वापरते. दुकानातल्या टाकीत ती कोणाकोणाबरोबर राहिली होती हे कळायला काही मार्ग नसतो. तुम्ही तिला तुमच्या सुंदर निळ्या गोगलगायीबरोबर ठेवलंत तरी पिल्लांचा बाप दुकानातलाच एखादा निघू शकतो.

म्हणून आणलेल्या गोगलगायींचं काम एकच: अंडी देणं. त्यांना वेगळ्या टबात ठेवा आणि पाण्यावर थर्माकोलचा हातभर तुकडा तरंगत सोडा. त्याच्या खालच्या बाजूला त्या अंडी चिकटवतात. प्रयोगशाळांतही असाच तरंगता तुकडा वापरतात. अंड्यांचा पुंजका चपटा आणि पारदर्शक डिंकासारखा दिसतो, त्यात साधारण दहा-वीस ठिपके असतात. तेवढा भाग कापून स्वच्छ पाण्यात धुवा आणि नव्या बरणीत टाका. आई-बाप जुन्याच टबात राहू द्या.

यातून दुसराही फायदा होतो. जळवा जुन्या टबातच राहतात, आणि गोगलगायीच्या अंगात वाढणारे चपटकृमी अंड्यांतून पुढे जात नाहीत. याच कारणासाठी तळ्यातल्या किंवा भातखाचरातल्या गोगलगायी पकडून आणू नयेत. आपल्याकडची गावरान रॅम्सहॉर्न, इंडोप्लॅनॉर्बिस एक्झस्टस, गाई-म्हशींना रक्तातल्या चपटकृमींची लागण पोचवते. त्या कृमींच्या अळ्यांमुळे माणसाच्या कातडीलाही खाज सुटते. बाजारातल्या रंगीत गोगलगायी बहुधा मूळच्या फ्लोरिडातल्या प्लॅनॉर्बेला ड्युरीच्या वंशातल्या असतात. तरीही टँकमध्ये हात घातल्यावर साबणाने धुवायची सवय ठेवा.

२५ अंशांच्या आसपास अंडी आठ-दहा दिवसांत फुटतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दहापट भिंगातून पाहिलंत तर प्रत्येक अंड्यात एक बारीक गोळा स्वतःभोवती संथ फिरताना दिसतो. गोळे फिरत असतील तर पुंजका जिवंत आहे. पांढुरके आणि थिजलेले असतील तर फेकून द्या.

वेगळं करायची वेळ

पिल्लं पहिले दोन-तीन आठवडे एकत्र वाढू द्या. शंख ४ मिलिमीटरचा व्हायच्या आत, ज्यांच्यावर प्रयोग करायचा आहे अशी प्रत्येक गोगलगाय आपापल्या बरणीत गेली पाहिजे. मोजायला अवघड नाही: काचेच्या बशीखाली आलेखाचा कागद ठेवला की झालं. 'अजून लहान आहे, पुढच्या रविवारी बघू' म्हणून पुढे ढकललंत की खात्री गेली. उष्ण पाण्यात त्या दीड-दोन महिन्यांत वयात येतात आणि भरपेट खाणारी त्याहूनही लवकर.

बरणीवर चिकटपट्टीने चिठ्ठी लावा: वाण, अंडी घातल्याची तारीख, वेगळी केल्याची तारीख, क्रमांक. पुढे दोन गोगलगायी एकत्र ठेवायच्या झाल्या तर शंखाचा छोटा भाग कोरडा करून नखपॉलिशचा टिपका द्या आणि पूर्ण वाळल्यावरच पाण्यात सोडा.

जोडीदार न मिळालेली रॅम्सहॉर्न स्वतःच्याच बीजाने अंडी घालते. याला स्वफलन म्हणतात. पैदास करणाऱ्याला यापेक्षा मोठी देणगी नाही. कुत्र्या-मांजरांच्या किंवा माशांच्या पैदाशीत एखाद्या जनावरात काय लपलंय हे पाहायला योग्य जोडीदार शोधावा लागतो. इथे एकटी गोगलगायच आपल्या पोटातलं सगळं उघड करते. समजा, एका तपकिरी गोगलगायीत लाल रंग लपला असेल का अशी शंका आहे. तिला लहानपणापासून एकटी वाढवा आणि तिची पिल्लं मोजा. लाल लपला असेल तर साधारण चारांत एक पिल्लू लाल निघेल. १६ पिल्लं झाली आणि एकही लाल नाही, तर तो लपलेला असूनही निसटला असण्याची शक्यता फक्त १ टक्का उरते.

पहिला संकर: निळी आणि लाल

एकट्या वाढलेल्या, अजून कोणाशी संग न झालेल्या दोघी घ्या: एक निळी, एक लाल. दोघींना चार-पाच दिवस एका बरणीत ठेवा आणि मग पुन्हा वेगळ्या करा. आता दोघीही अंडी घालतील आणि दोन्ही बरण्या उपयोगाच्या असतील.

पिल्लं दोन आठवड्यांची झाली की अंगाचा काळेपणा भिंगातून कळतो. शंखाचा रंग उतरायला मात्र ४-५ मिलिमीटरपर्यंत थांबावं लागतं. निळीच्या बरणीतलं तपकिरी पिल्लू नक्की संकराचं, आणि निळं निघालं तर ते तिचं एकटीचं. लालीच्या बरणीतही तसंच: तपकिरी संकराचं, लाल तिचं स्वतःचं. म्हणून पहिला संकर करताना आई म्हणून शक्यतो अप्रभावी रंगाची गोगलगाय निवडावी. पिल्लांचा बाप कोण ते रंगच सांगतो, वेगळा पुरावा लागत नाही.

या जोडीतल्या गोगलगायी पुढच्या दुसऱ्या संकराला वापरू नका. जुनं बीज त्यांच्या अंगात आहे. एका गोगलगायीचा एकच संकर, हा नियम मोडला की वहीतली पुढची सगळी पानं बिनकामाची होतात.

तपकिरी पिढी सांभाळा

आता हाती आलेली तपकिरी पिल्लं दिसायला सामान्य आहेत, पण प्रत्येकीत निळेपणाही आहे आणि लालही. त्यांतल्या ठणठणीत, भराभर वाढणाऱ्या चार-पाच जणींना ४ मिलिमीटरच्या आत वेगवेगळ्या बरण्यांत टाका आणि एकट्या वाढू द्या.

त्यांच्या अंड्यांतून जे निघतं ते बारावीच्या पुस्तकात मेंडेलच्या वाटाण्यांबरोबर शिकलेलं ९:३:३:१ चं गणित. १६ पिल्लांमागे साधारण ९ तपकिरी, ३ लाल, ३ निळी, १ गुलाबी. लहान संख्येत हे प्रमाण हमखास हलतं. गुलाबी हवी असेल तर दहा-वीस पिल्लांवर निराश होऊ नका. ४८ पिल्लं वाढवलीत तर निदान एक गुलाबी मिळण्याची शक्यता सुमारे ९५ टक्के असते. म्हणजे एका पुंजक्यावर भागायचं नाही, चार-पाच पुंजके जपावे लागतील. प्रमाण या हिशेबापासून फारच दूर गेलं, तर मुळातली एखादी गोगलगाय समजत होतो तशी नव्हती किंवा कुठेतरी चुकून संग झाला. अशा वेळी आकडा जुळवून घेऊ नका. ती बरणी बाजूला काढा आणि दुसऱ्या बहिणीच्या पिल्लांवर पुढे चला.

गुलाबी निघाली की ती रंगापुरती लगेच पक्की, कारण तिच्यात लपायला काही उरलेलं नसतं. निळ्यांचं तसं नाही. या पिढीतल्या निळ्या दिसणाऱ्यांपैकी तिघींत एक पक्की असते, बाकी दोघींच्या पोटी पुढे गुलाबी पिल्लं येतात. कोणती पक्की हे पुन्हा बरणीच सांगेल: एकटी ठेवा, पिल्लं मोजा.

ठिपक्यांचं काम वेगळं आहे

रंगांचं गणित दोन-तीन पिढ्यांत सुटतं. लेपर्डसाठी, म्हणजे बिबळ्यासारख्या ठिपक्यांच्या गोगलगायीसाठी, तेवढ्यावर भागत नाही. मला स्वतःला यातच जास्त रस वाटतो, कारण इथे नजर कमवावी लागते.

बिबळ्या गोगलगायीचे ठिपके शंखावर नसतात. शंखाच्या आतल्या पातळ पडद्यावर काळं रंगद्रव्य जागोजागी गोळा झालेलं असतं आणि ते शंखातून दिसतं. रिकामा शंख हातात घेतलात तर ठिपके गायब. म्हणजे शंख गडद असेल तर ठिपके झाकले जातात, पडदा सरसकट काळा असेल तर बुडून जातात, आणि अंगात काळं रंगद्रव्यच नसेल तर उठत नाहीत. म्हणून ठिपक्यांची निवड करताना ठिपके आणि शंखाचा स्वच्छपणा या दोन्ही गोष्टी एकत्र ओढाव्या लागतात.

ठिपक्यांचं कमी-जास्तपण पायरीपायरीने बदलत जातं, त्याला ९:३:३:१ लावू नका. दर पिढीत दहांमधल्या उत्तम एक-दोनच पुढे न्यायच्या आणि हे न चुकता करत राहायचं. उत्तम कोण, हे ठरवायची पद्धत कायम एकच हवी. मी अशी करतो: काचेच्या वाटीत बोटभर पाणी, खाली मोबाइलचा टॉर्च, मध्ये पातळ पांढरा कागद. शंखावरचं शेवाळ जुन्या मऊ टूथब्रशने हलकेच काढायचं. गोगलगाय घाबरून आत शिरलेली असताना पडदाही आकसलेला असतो, म्हणून ती बाहेर येऊन चालू लागेपर्यंत थांबायचं. कोवळ्या, पारदर्शक गोगलगायीत याच उजेडात धडधडणारं हृदयही दिसतं, आणि त्याच्या आसपासचे ठिपके सर्वांत सुटे असतात.

सगळ्या गोगलगायी एकाच आकाराला जोखा. ८ मिलिमीटर हा आकार सोयीचा. लहानपणी सगळ्यांचेच ठिपके उठून दिसतात. वय वाढलं की शंख जाड होतो आणि तेच ठिपके धूसर होतात. मोठीशी लहानीची तुलना केलीत तर तुम्ही ठिपक्यांऐवजी वय निवडाल. मात्र ८ मिलिमीटरला पोचायला ज्या भावंडांपेक्षा फार मागे पडल्या, त्या कितीही देखण्या असल्या तरी घेऊ नका. वाढ खुंटलेल्या गोगलगायीचं कोवळेपण रेंगाळतं आणि तेच सौंदर्य वाटून फसगत होते. गर्दीमुळेही वाढ खुंटते, म्हणून दहा लिटरच्या टबात तीस-चाळीस पिल्लांपेक्षा जास्त ठेवू नका.

गुण देताना मी संख्येपेक्षा कडा बघतो. दाट पण पसरट ठिपक्यांपेक्षा मोजके, कातीव कडांचे, शेवटच्या वळणापर्यंत सारखे पसरलेले ठिपके मला मोलाचे वाटतात. ज्याला दाट हवेत त्याने दाट निवडावेत, पण मधेच मत बदलू नये. दर पिढीचा एक फोटो त्याच वाटीत, त्याच उजेडात काढून वहीत तारखेसकट ठेवा. तीन पिढ्यांनंतर जुने फोटो पाहिले की पुढे सरकलोय की नाही हे डोळ्यांना स्पष्ट कळतं.

रक्त कोंडू देऊ नका

स्वफलनाने वाण झटपट पक्का होतो, पण त्याची किंमत असते. दर पिढीत जनुकांमधली विविधता निम्म्यावर येते: पहिल्या पिढीनंतर ५० टक्के, मग २५, मग १२.५. अंडी कमी फुटणं, पुंजके लहान होणं, शंखाची वळणं वेडीवाकडी येणं ही धोक्याची चिन्हं. म्हणून एकाच ध्येयाचे दोन, जमल्यास तीन स्वतंत्र वाण समांतर चालवा. तीन-चार पिढ्यांनी दोन वाणांतल्या उत्तम जणींचा संकर करून पुन्हा निवड सुरू करा. शंखाचा दोष जनुकांचा की पाण्याचा, हे ठरवायची साधी युक्ती म्हणजे दोन्ही वाणांची पिल्लं एकाच टबात वाढवणं. दोष दोघांत दिसला तर समुद्रफेस वाढवा, एकाच वाणात दिसला तर तो वाण सुधारा.

निवडीत न बसलेल्यांचं काय

इथे मन घट्ट करावं लागतं. नको असलेले पुंजके पहिल्या एक-दोन दिवसांतच काढून टाकणं सर्वांत बरं. वाढलेल्या गोगलगायी पफर किंवा लोच हे गोगलगायी खाणारे मासे पाळणाऱ्यांना द्या, किंवा साध्या टँकमधलं शेवाळ खायला ठेवा. नाल्यात, विहिरीत, गणपती विसर्जनाच्या तळ्यात, कुठेही सोडायच्या नाहीत. परदेशी गोगलगाय आहे, एकटी असली तरी अंडी घालते. पाणी बदलताना बादलीतलं जुनं पाणी बारीक गाळणीतून गाळून मातीच्या कुंड्यांना घाला, गटारात नको.

वाण पक्का झाला हे कधी म्हणायचं

वाणातल्या पाच गोगलगायी बिनसंगाच्या वयात वेगळ्या करा. प्रत्येकीची निदान १६ पिल्लं ८ मिलिमीटरपर्यंत वाढवा. पाचही बरण्यांत रंगाने वेगळं एकही पिल्लू नसेल तर रंग पक्का. ठिपक्यांसाठी वेगळी कसोटी: भावंडांतलं सर्वांत कमी प्रतीचं पिल्लूही पहिल्या पिढीच्या सरासरीपेक्षा उजवं दिसलं पाहिजे.

त्यानंतरच दुसऱ्यांना द्या. गोगलगायी पाण्याच्या पिशवीत पाठवू नका. त्या हवेतूनही श्वास घेतात, म्हणून ओल्या स्पंजात किंवा मॉसमध्ये गुंडाळून भोकं पाडलेल्या डबीत दोन दिवस आरामात राहतात. डबीवर फक्त 'निळी लेपर्ड' एवढंच लिहू नका. कितवी पिढी, स्वफलनाची की संकराची, आणि पैदाशीच्या वयात एकटी होती की टबात इतरांबरोबर, हेही लिहा.